बेळगाव सीमाभागातून पत्रकारिता आणि प्रसारण शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्याहून जास्त पालकांचे तेच ते प्रश्न येतात. वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढून मी आता पाहुणा म्हणून शिकवतो. त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहिली आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे. ते मत म्हणूनच वाचा.

पत्रकार व्हायला पदवी लागतेच का?

कायद्याने नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकाराला तसं काही लागत नाही. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला तेव्हा पत्रकारितेची पदवी नावाची गोष्टच आपल्याकडे नव्हती.

पण दोन ठिकाणी पदवी आडवी येते. सरकारी माहिती खात्यातल्या आणि प्राध्यापकीच्या जागांसाठी ती मागतात. शिवाय मोठ्या चॅनेलमध्ये आणि वृत्तसंस्थेत पहिली चाळणी तिच्यावरच होते. मला स्वतःला तिचा उपयोग वेगळ्या कारणासाठी वाटतो. बदनामीचा कायदा, संपादन, आवाजाचं रेकॉर्डिंग या गोष्टी कामावर कुणी बसवून शिकवत नाही. तिथे चूक झाली की नोटीस येते, तेव्हाच कळतं.

बारावीनंतर बेळगावातच राहून काय करता येईल?

बीएला पत्रकारिता हा एक विषय म्हणून घेता येतो. कर्नाटकात विषयांचे संच असतात: इतिहास, अर्थशास्त्र, पत्रकारिता असा एखादा, किंवा राज्यशास्त्र आणि इंग्रजीबरोबर. मध्यंतरी नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांचा घोळ झाला होता. २०२४ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे. म्हणून ताई-दादांच्या अनुभवावर जाऊ नका, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा होता. आपली कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आहेत, त्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती.

माहितीपत्रकात संच छापलेला असतो, शिकवायला माणूस असतोच असं नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: पत्रकारितेला कायम शिक्षक आहेत की पाहुणे? मुलं स्वतः छापतात असं लॅब जर्नल निघतं का? निघत असेल तर मागचे अंक दाखवा म्हणा. कॅमेरा आणि माइक कपाटात आहेत की मुलांच्या हातात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात नाही, कँटीनमध्ये मिळतं.

निपाणीकडच्या मुलांना बेळगावलाच यावं लागेल का?

नाही. निपाणीला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे. ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. निपाणीच्या कित्येक पिढ्या रोज राज्याची हद्द ओलांडून तिथे शिकल्या. तिथून साधी बीए मराठीत करून पुढे पदव्युत्तर पत्रकारितेला जाणं हाही चांगला रस्ता आहे. पत्रकारिता पदवीलाच घेतली पाहिजे असं काही नाही. उलट अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र पक्कं करून आलेला मुलगा अर्थसंकल्पाच्या दिवशी डेस्कवर जास्त कामाला येतो.

पूर्ण मराठीतून पत्रकारिता शिकता येते का?

कर्नाटकात अवघड आहे. इथे हा विषय कन्नड किंवा इंग्रजीतून शिकवतात. मराठी तुम्हाला भाषा विषय म्हणून घेता येते, तीही जिथे मराठी विभाग आहे तिथे. मराठीतून हवं असेल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आणि अमरावती हे तीन पत्ते लिहून ठेवा. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, म्हणजे दिल्लीत १९६५ साली सुरू झालेल्या आयआयएमसीची शाखा. तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. पदवीनंतरचं एक वर्ष. बेळगावहून अंतर फार आहे, पण वर्षाचाच प्रश्न आहे.

मग कन्नड शिकावंच लागेल का? घरी हा विषय काढला की वाद होतो.

होतो, माहीत आहे. सीमाप्रश्नावर तुमचं किंवा तुमच्या घरच्यांचं मत काय असावं हे सांगायला मी बसलेलो नाही. पण या जिल्ह्यांत राहून बातमी करायची असेल तर माझं उत्तर सरळ आहे: कन्नड बोलता नाही आलं तरी निभेल, वाचता आलंच पाहिजे.

कारण कागद कन्नडमध्ये आहेत. पोलिस ठाण्यातली फिर्याद, ग्रामपंचायतीची नडावळी (म्हणजे सभेचं इतिवृत्त), जमिनीची पहणी (आपल्या सातबारासारखा उतारा), नगरपालिकेची निविदा, सगळं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तिथलं बहुतेक कामकाज कन्नडमध्ये चालतं. ज्याला ते वाचता येत नाही तो बातमीदार दुसऱ्याने सांगितलेलं लिहितो. सांगणारा बहुधा कुणातरी पुढाऱ्याचा माणूस असतो.

माहिती अधिकाराचंच घ्या. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. महाराष्ट्रात ती मराठी, इथे कन्नड. म्हणजे खानापूरच्या पंचायतीत मराठीत लिहिलेला अर्ज नाकारायला अधिकाऱ्याच्या हातात नियम आहे. तुम्ही भांडू शकता, भांडावंही; पण बातमी वेळेत हवी असेल तर अर्ज कन्नडमध्ये द्या आणि भांडण वेगळं चालवा. फी दहा रुपये. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यात नेमका प्रश्न बसवणं हाच मुळात लिहिण्याचा उत्तम सराव आहे.

दुसरं उदाहरण पुराचं. कृष्णा आणि दूधगंगा फुगल्या की चिकोडी तालुक्यातले कल्लोळ-येडूरसारखे सखल पूल बुडतात. पाणी उद्या वाढणार की उतरणार हे सांगायला कोयनेचा विसर्ग आणि राजापूर बंधाऱ्याची पातळी लागते, ती महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याकडून मराठीत मिळते. आलमट्टीतून किती सोडलंय हे कर्नाटकाकडून कन्नड-इंग्रजीत येतं. २०१९ च्या महापुरात दोन्हीकडचे आकडे एका पानावर मांडू शकणाऱ्या माणसाची किंमत सगळ्यांना कळली. बेंगळुरूच्या बातमीदाराकडे अर्धं चित्र असतं आणि पुण्याच्याकडे उरलेलं अर्धं. आपल्या पोरांना दोन्ही बघता येतात. फक्त त्यासाठी लिपी यायला हवी. शाळेत कन्नड बहुतेकांनी घेतलेलंच असतं, पासापुरतं. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, अक्षरं बसायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो सरकारी कन्नडला. रोज एक जाहीर निविदा किंवा नोटीस वाचा, कथा-कादंबऱ्या नंतर.

(आकड्यांवरून आठवलं: क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग आहे, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हे साठवण. सुमारे ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहा. “धरणातून वीस टीएमसी वेगाने विसर्ग” असली वाक्यं मी छापून आलेली पाहिली आहेत.)

कोल्हापूर, पुणे की धारवाड?

बेळगावहून धारवाड सुमारे ऐंशी किलोमीटर, कोल्हापूर एकशेदहाच्या आसपास, पुणे साडेतीनशेच्या घरात. पण अंतरावर ठरवू नका, नोकरी कुठे करायची त्यावर ठरवा.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग जुना आहे. उत्तर कर्नाटकातल्या कन्नड वृत्तपत्रांत आणि चॅनेलमध्ये त्यांचे माजी विद्यार्थी जागोजागी भेटतात. कन्नडमध्ये लिहिता येत असेल किंवा इंग्रजी चांगलं असेल तर धारवाडला जा, ओळखी तिथेच होतील. शिवाय आकाशवाणीचं केंद्र त्याच गावात आहे.

कोल्हापूर हा मधला मार्ग. मराठी वृत्तपत्रांच्या बेळगाव आवृत्त्यांचा कारभार बऱ्याच अंशी कोल्हापूरशी जोडलेला असतो, त्यामुळे तिथे शिकून बेळगावला परत येणं सोपं जातं. राहण्याचा खर्चही झेपतो.

पुण्याचा विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, १९६४ चा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या इमारतीत शिकण्यापेक्षा त्या शहरात राहणं हेच मोठं शिक्षण आहे: व्याख्यानं, नाटकं, आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग, चॅनेलची ऑफिसं. तोटा एकच. पुण्याला गेलेली आपली मुलं सहसा परत येत नाहीत. पालकांना हा फायदा वाटतो, मला नाही.

रोज जाऊन-येऊन कोल्हापूर करू म्हणणाऱ्यांना सांगतो, करू नका. सीमेवर वातावरण तापलं की पहिली थांबते ती बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधल्या गाड्या काही दिवस बंद होत्या. परीक्षा मात्र पुढे जातेच असं नाही.

महाराष्ट्रात सीमाभागातल्या मुलांना सवलत मिळते ना?

मिळते, पण आपोआप नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या अनेक प्रवेशप्रक्रियांत वेगळी सोय असते. त्यासाठी रहिवासाचा दाखला आणि मातृभाषेचं प्रमाणपत्र ठराविक नमुन्यातच लागतं. नमुना ज्या त्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी असतो. तो आधी छापून घ्या आणि मग दाखला काढायला जा, उलटं करू नका. फी-सवलत आणि जागांचे नियम संस्थेनुसार आणि वर्षानुसार बदलतात. गेल्या वर्षीच्या बातमीचं कात्रण दाखवून प्रवेश मिळत नाही.

आणखी एक. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात राखीव जागेसाठी तसाच चालेल असं गृहीत धरू नका. हे अर्ज भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

प्रसारण म्हणजे नेमकं काय शिकवतात?

नुसतं बोलायला नाही. पहिल्यांदा कानासाठी लिहायला शिकवतात. वर्तमानपत्राचा वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो, रेडिओच्या श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून वाक्य आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट, हुद्दा आधी आणि नाव नंतर. “चार लाख सत्त्याऐंशी हजार सहाशे बारा” असं न म्हणता “पावणेपाच लाखांहून जास्त”. मराठी बातमीपत्र वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द जातात, तेव्हा पाच मिनिटांत किती बसतं ते मोजून बघा. एका अग्रलेखाएवढंही नाही.

मग टीव्हीची बातमी, जिला पॅकेज म्हणतात. व्हीओ (दृश्यांवरचं निवेदन), बाइट (समोरच्याच्या बोलण्याचा तुकडा), पुन्हा व्हीओ, शेवटी पीटीसी (बातमीदाराने कॅमेऱ्याकडे बघून बोललेलं), सगळं मिळून दीडेक मिनिट. बाइट दहा-पंधरा सेकंदांचा. आपल्याकडचे पुढारी दहा सेकंदांत नमस्कारही पूर्ण करत नाहीत, म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की उत्तराला सुरुवातच मुद्द्याने होईल. हे शिकवून येत नाही, पन्नास बाइट वाया घालवून येतं.

तांत्रिक बाजूला घाबरणारी मुलं खूप. त्यात दोन-चार गोष्टीच खऱ्या महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शूटिंग करताना २५ फ्रेम आणि शटर पन्नासावर ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही. आवाजाची पातळी लाल रेषेला भिडू द्यायची नाही. कमी आलेला आवाज थोडा वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट नुसता भोवतालचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. रविवार पेठेतला हमालांचा गलका, गळिताच्या दिवसांतला कारखान्याच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर. संपादनात जोड लपवायला तोच लागतो.

कॅमेरा आणि ध्वनी यांतच पुढे जायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) टीव्हीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत: दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनिमुद्रण. स्पर्धा कडक असते.

माझा उच्चार बेळगावी आहे. रेडिओवर चालेल का?

“काय करूलास” म्हणणाऱ्याला माइकसमोर उभं करायचं नाही असा समज पोरांनी स्वतःच करून घेतलेला आहे. मुलाखतीला, रूपकाला, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला आपलीच बोली उत्तम. बातमीपत्राला प्रमाण मराठी लागते, आणि ती वेगळी शिकता येते, जशी पुण्याच्या मुलांनाही शिकावी लागते. आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे: वाक्याच्या शेवटी सूर वर जातो, आणि जोराने बोलायची सवय. ण-न, ळ-ल यांत आपली मुलं उलट बरी असतात, कन्नडच्या शेजारामुळे ळ आणि ण जिभेवर पक्के बसलेले असतात. रोज एक बातमी मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर स्वतःचे दोष दिसत नाहीत.

रेडिओत काम कुठे मिळतं?

आकाशवाणी धारवाड ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं, तिथलं काम मुख्यतः कन्नड. मराठीसाठी सांगली आणि कोल्हापूर. कायम नोकरीची वाट बघू नका. केंद्रं हंगामी उद्घोषक घेतात, त्यासाठी लेखी आणि आवाजाची चाचणी असते आणि निवड झाल्यावर ‘वाणी’ नावाचा प्रशिक्षणवर्ग करावा लागतो. महिन्यातून मोजक्याच ड्युट्या मिळतात. पोट भरणार नाही, पण आवाज तयार होतो.

बेळगावात केएलई शिक्षणसंस्थेचं ‘वेणुध्वनी’ ९०.४ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. विजयपूरच्या बाजूला सीमेपलीकडे जत तालुक्यात जालिहाळचं ‘येरळावाणी’ आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करायची मुभा सहज मिळते, कारण माणसं कमी असतात. कोल्हापूरला खासगी एफएम आहेत.

एक मात्र ध्यानात घ्या. आपल्या देशात खासगी एफएम किंवा सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा लावता येतात, एवढंच. हवामान, वाहतूक, परीक्षेचे निकाल, स्थानिक कार्यक्रम, आपत्तीची सूचना हे बातमीत धरलं जात नाही. म्हणून ‘राकसकोपचं (बेळगावला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाचं) पाणी उद्या कुठल्या भागात येणार नाही’ हे सांगता येतं, पण का येणार नाही आणि कुणामुळे, हे बोलायला गेलात की अडचण. बातमीचीच आवड असेल तर एफएम हे तुमचं घर नाही.

टीव्ही अँकर व्हायचंय.

सगळ्यांनाच व्हायचंय. चॅनेलमध्ये अँकर एक असतो आणि त्याच्या मागे डेस्क, असाइनमेंट (बातमीदारांना कामं वाटणारे), पीसीआर (प्रसारणाचा नियंत्रण कक्ष), संकलन, ग्राफिक्स अशी मोठी पलटण असते. नोकऱ्या तिथे आहेत. अँकरने वाचायच्या पाच ओळी पाचच मिनिटांत शुद्ध लिहून देणाऱ्या मुलाला कुठलंही चॅनेल सोडत नाही.

कॅमेरा कोणता घेऊ?

घेऊ नका. हातातला फोन चालतो. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलर माइक आणि ट्रायपॉड घ्या. संकलनाला डाव्हिंची रिझॉल्व्ह आणि आवाजाला ऑडॅसिटी, दोन्ही फुकट मिळतात.

टायपिंग कुठलं शिकू?

युनिकोड, इनस्क्रिप्ट कीबोर्ड. जुन्या ऑफिसांत अजून श्रीलिपीचे फॉन्ट भेटतील, ते तिथे गेल्यावर आठवड्यात जमतं. इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवायची सवय लावून घेऊ नका, डेडलाइनला दम निघत नाही. इनस्क्रिप्टचा आपल्यासाठी खास फायदा म्हणजे कन्नडचाही कीबोर्ड जवळजवळ त्याच जागी तीच अक्षरं ठेवतो. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा.

शिकताशिकताच यूट्यूब चॅनेल सुरू केलं तर?

सराव म्हणून करा. बातमीचं चॅनेल म्हणून करताना दहा वेळा विचार करा. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ च्या आयटी नियमांत आचारसंहिता आहे, आणि बदनामीचा खटला चॅनेल लहान आहे म्हणून थांबत नाही. शहरात सध्या माइकवर लोगो लावून फिरणारी मंडळी इतकी झाली आहेत की पत्रकार परिषदेत खुर्च्या कमी पडतात, प्रश्न मात्र दोघेतिघेच विचारतात. त्या दोघातिघांत बसायचं असेल तर चॅनेल नंतर काढा.

सीमाप्रश्नाच्या, मोर्चाच्या बातम्या करताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न मुलं कमी विचारतात. मला विचाराल तर इथल्या प्रत्येक वर्गात पहिल्या महिन्यात शिकवला पाहिजे.

१ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी भाषिकांची निषेधाची, काळ्या दिनाची फेरीही. त्या दिवशी सकाळपासून फोनवर व्हिडिओ येऊ लागतात: बसला काळं फासलं, फलक फोडला, मारहाण झाली. त्यातले कित्येक जुने असतात, दुसऱ्या वर्षीचे, कधी दुसऱ्याच गावचे. व्हिडिओ आला की आधी दुकानांच्या पाट्या वाचा, बसचा नंबर आणि आगार बघा, झाडं ओली आहेत की कोरडी ते बघा, मग त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. कुणीतरी आधी टाकला म्हणून टाकायचा नाही. दोन भाषिक गटांत वैर पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, पूर्वीचं १५३ अ. त्यात भाषेचा उल्लेख स्पष्ट आहे. बदनामी आता कलम ३५६ मध्ये. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तेव्हा जुन्या नोट्समधले कलमांचे आकडे खोडून नवे लिहा.

वाहकाची आणि प्रवाशाची बाचाबाची झाली तर ती भाषेवरून झाली की सुट्या पैशांवरून, हे दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय मथळ्यात भाषा आणू नका. मारहाणीतला कुणी अल्पवयीन असेल आणि पोक्सोचा गुन्हा असेल तर नाव, शाळा, गल्ली, आई-वडिलांचं नाव यातलं काहीच नाही. पोक्सो कायद्याचं कलम २३ तेच सांगतं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. लहान गावात “अमुक गल्लीतली दुकानदाराची मुलगी” एवढं लिहिलं की ओळख झालीच.

मूळ दावाही समजून घ्या. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, एवढा क्रम तरी तोंडपाठ हवा. मराठी बातमीदाराने कर्नाटकाची बाजूही त्यांच्याच कागदातून वाचलेली असावी. ती मान्य करा असं मी म्हणत नाही.

पगार किती मिळतो?

सुरुवातीला कमी, आणि तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याचदा पगारच नसतो. तो अंकांची एजन्सी चालवतो, वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती गोळा करतो, त्यावरचं कमिशन हीच त्याची कमाई. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच विरोधात बातमी कशी लिहायची, हा पेच कुठल्या पुस्तकात सोडवलेला नाही. म्हणून माझा सल्ला: वार्ताहरकी शिकण्यासाठी करा, संसार त्यावर मांडू नका. रुजू होताना नेमणुकीचं पत्र मागा. नुसतं ओळखपत्र देऊन बोळवण करणारी ऑफिसं आहेत.

दोन भाषांतून अनुवाद येत असेल तर जाहिरात संस्था, वृत्तसंस्था, डबिंग, सबटायटल अशी जोडकामं मिळतात. बेळगावची काही मुलं कन्नड-मराठी अनुवादावर पगारापेक्षा जास्त कमावतात.

मुलगी आहे. रात्री उशिरापर्यंत काम असतं म्हणे?

वृत्तपत्राच्या डेस्कवर असतं. शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या आसपास सुटते. रेडिओ, अनुवाद, पुरवण्या, डिजिटल डेस्क यांत दिवसाच्या पाळ्या भरपूर आहेत. घरी सोडायला गाडी देतात का, हा प्रश्न मुलाखतीत संकोच न करता विचारायचा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती असायलाच हवी, तिच्यात कोण आहे तेही विचारा. विजयपूरला अक्कमहादेवी महिला विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. अथणी-कागवाडकडच्या पालकांना ते सोयीचं वाटतं.

बिदर किंवा कारवारकडचे काय?

बिदर, भालकी, औरादच्या मुलांना कलबुर्गी जवळ, कारवार-हल्याळला धारवाड. बाकी सगळं वर लिहिलंय तेच.

पत्रकार दिन कधी असतो?

आपल्याकडे दोन. ६ जानेवारीला मराठीचा, बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’मुळे. १ जुलैला कर्नाटकात, १८४३ च्या ‘मंगळूर समाचार’मुळे. दोन्ही दिवशी भाषणं होतात. १ जुलैला गेलात तर कन्नड पत्रकारांच्या ओळखी होतात, ज्या पुढे पुराच्या रात्री उपयोगी पडतात.

गाडीवर ‘प्रेस’ लिहू का?

विद्यार्थी असाल तर कशासाठी?

इंटर्नशिप केव्हा आणि कशी मागायची?

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत. संपादकांना व्हॉट्सअॅपवर बायोडेटा पाठवून काही होत नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास ऑफिसात जा, तेव्हा बैठक आटोपलेली असते आणि पानं लागायला सुरुवात झालेली नसते. बरोबर स्वतः केलेल्या तीन बातम्या न्या: एक सरकारी कन्नड कागदावरून केलेली, एक बाजारात किंवा शेतात उभं राहून केलेली, आणि एक रेडिओसाठी दोन मिनिटांची, पेन ड्राइव्हवर. निपाणीचा तंबाखू, उसाचा दर, खानापुरातला कळसा-भांडुरा पाणी प्रकल्प, गावातल्या मराठी शाळेची पटसंख्या, विषयांना तोटा नाही. महिनाभर बसायला सांगितलं तर पहिला आठवडा प्रसिद्धीपत्रकं आवरायला आणि चहा सांगायला जाईल. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी रजेवर जातं.